दुसरा माठ

१

खडकपेठेला पहिली गाडी आली तेव्हा बायका घाबरून घरात बसल्या असतील असं कुणाला वाटेल, पण तसं काही झालं नव्हतं. सगळी पेठ टेसनावर लोटली होती. लांबून आलेल्या पाव्हण्याच्या पायावर पाणी घालायचं आणि त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा ही इकडची रीत. मग पाव्हणा लोखंडाचा असला म्हणून काय झालं? वाण्यांच्या बायकांनी इंजिनाच्या चाकांवर तांब्या तांब्या पाणी ओतलं. चाक फसकन वाफाळलं तेव्हा बायका चार पावलं मागं सरल्या, एवढंच. तुकडे ओवाळायचे मात्र त्यांनी सोडले नाहीत.

निजाम सरकारनं कापसासाठी मोठ्या लाइनीवरून हा एक फाटा काढला होता. पुढं काही वर्षं पेठेची चैन झाली. गठाणी गेल्या, हाजी गेले, माहेरवाशिणी आल्या. गाडीची शिट्टी ऐकून बायका डाळ शिजत टाकायच्या आणि गाडीला उशीर झाला की अख्खी पेठ उशिरा जेवायची. मग एका भादव्यात नदीला पूर आला आणि पूल गेला. आज बांधतील, उद्या बांधतील म्हणून लोकांनी वाट पाहिली. शेवटी सरकारची माणसं आली ती रूळ उचलून न्यायला. नंतर खालची लाकडं नेली. घंटा नेली. दगडी इमारत उचलता येत नव्हती म्हणून ती राहिली, आणि इमारतीबरोबर चाँदबी राहिली.

चाँदबीचा नवरा मैनुद्दीन टेसनावर दिवे लावायचा, घंटा द्यायचा, मुसाफिरांना बसा-उठा सांगायचा. तो वारला तेव्हा टेसनामागची त्याची खोली परत घ्यायचं सरकारच्या ध्यानातच राहिलं नाही. चाँदबीनंही आठवण करून दिली नाही.

टेसनाच्या रस्त्यावरचं शेवटचं घर तुळजाबाईचं. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी फलाटावर उघडायची. गाड्या होत्या तेव्हा कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या सुनेचे डोळे सुजलेले होते, हे पेठेला तुळजाबाईकडून कळायचं. गाड्या बंद झाल्यापासून तिला गल्लीवर भागवावं लागत होतं. तिचा नवरा अर्जुनराव म्हणायचा, "पूल गेल्यानं सरकारचं काय गेलं म्हाईत न्हाई, पन आमच्या घरात लई नुकसान झालं."

त्या खिडकीतून तुळजाबाईला रोज सकाळी एकच गोष्ट दिसायची. चाँदबी हातात खराटा आणि काखेत घागर घेऊन फलाटावर यायची. सगळं टेसन सोडून ती एकच खोली झाडायची, बायकांच्या मुसाफिरखान्याची. त्या खोलीत एक लांब बाकडं आणि दोन दगडी घडवंच्या होत्या. भिंतीवर एकीच्या वर ‘हिंदू पाणी’ आणि दुसरीच्या वर ‘मुसलमान पाणी’ असं लिहिलेलं. दोन्हींवर एकेक माठ. चाँदबी आपला माठ घासायची, ताजं पाणी भरायची. दुसरा माठ पालथा होता. टेसन बंद पडलं तेव्हापासून पालथाच.

"आपा, आज गाडी कवा हाय?" तुळजाबाई खिडकीतून विचारायची.

"आयेगी तवा आयेगी," चाँदबी म्हणायची. "तू तुझ्या तव्यावरची भाकर बघ. करपली."

आणि खरोखरच करपलेली असायची.

२

वैशाखात चाँदबीला बीडला जायचं होतं, भाचीच्या निकाहाला. त्याच सुमाराला तुळजाबाईची लेक सत्यभामा दिंद्रुडहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सत्यभामा एकुलती एक. तिच्याआधीची दोन लेकरं राहिली नव्हती. त्यामुळं तुळजाबाईला चैत्रापासून दुसरं काही सुचत नव्हतं. डिंक आणून ठेवला होता, बाज विणून घेतली होती. माजघराशेजारची खोली दोनदा सारवून झाली होती.

चाँदबी तुळजाबाईच्या ओसरीवर बसून पाणी प्यायली. तिची वाटी ओसरीतल्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. इतक्या वर्षांत दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"तेवढी खोली झाडत जा," चाँदबी म्हणाली. "माझा माठ भरत जा. माझ्याच विहिरीचं पानी. दार लोटून घे. बस्स."

"कुनासाठी गं आपा? चिमण्यांसाठी?"

"चिमण्याच समज."

एवढं बोलून ती उठली. पायऱ्या उतरताना थांबली, काहीतरी सांगणार असं वाटलं. मग नुसतंच म्हणाली, "पोरीला नीट आण," आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई खराटा घेऊन मुसाफिरखान्यात गेली. खोली स्वच्छ होती. इतकी, की झाडायला धूळ मिळेना. चाँदबीचा माठ घासून भरला. पण हात धुऊन वळली तेव्हा तो पालथा माठ तिच्या डोळ्यात खुपला. बुडावर कोळिष्टकं, कडेला चिमण्यांची घाण. एका माठाला बेगमेचा थाट आणि आपला माठ असा. उद्या एखादी शहाणी बाई डोकावली तर काय म्हणेल? तुळजाबाईला दुसऱ्याच्या घरातली उतरंड वाकडी दिसली तरी झोप यायची नाही. तिनं तो माठ उचलला, घरी नेला, राखेनं घासला, दिवसभर भिजवला. संध्याकाळी आपल्या आडाच्या पाण्यानं भरून घडवंचीवर ठेवला. वर ताटली आणि ताटलीवर घरचा एक तांब्या.

मागं सरून पाहिलं. आता दोन्ही माठ शेजारी शेजारी कसे शोभत होते.

३

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा चाँदबीचा माठ काठोकाठ होता. दुसरा कोरडा पडला होता.

तुळजाबाईनं कमरेवर हात ठेवले. वर्षानुवर्षं पालथा पडलेला माठ, तडकला असणार. तिनं तो उचलून उजेडात फिरवला, बुडावर टिचकी मारली. माठ खणखणीत वाजला. घडवंचीखालची फरशी कोरडी होती, ओलीचा डागसुद्धा नव्हता. मग शेळ्यावाला सटवा असेल, तिनं मनाशी म्हटलं. मेला दुपारचा सावलीला शिरला आणि सगळं पाणी ढोसलं.

पण ताटली जागच्या जागी होती. आणि तांब्या विसळून पालथा घातलेला होता.

सटवाला ती लहानपणापासून ओळखत होती. तो तांब्या विसळणाऱ्यातला नव्हता. पाणी पिऊन झाल्यावर भांडं विसळायचं, पालथं घालायचं, हे आईनं शिकवलेल्या पोरींचं काम.

"कुनी का असंना," ती मोठ्यानं म्हणाली. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज तिला जरा जास्त वाटला. "तहानेल्याला पानी मिळालं. पुन्यच हाय."

तिनं पुन्हा घरून पाणी आणून माठ भरला. दार लोटून घेताना आत बांगड्या वाजल्या. फार नाही, बाई मांडीवरचा हात नुसता उचलून ठेवते तेवढ्याच.

बाहेर रणरणतं ऊन होतं. फलाटावरच्या फुटक्या फरशीतून गवत वाळून पिवळं झालं होतं. तुळजाबाई दाराशी उभी राहिली. आत डोकावून पाहावं की नाही असा विचार करायची तिला सवयच नव्हती, ती नेहमी डोकावायची. आज तिचा हात दारावरच राहिला. पण तोंडाला सवय होती. दाराआड बाई आहे, उन्हाळ्याचे दिवस आहेत, आणि आपण काही न बोलता निघून जायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं.

"अशी उपाशी कावून, कशासाठी बसलीस बाई?" ती म्हणाली. "समोरचंच घर हाय माझं. घरी ये की. गूळपानी घे."

आतलं बाकडं करकरलं. लाकडावरून एखादं ओझं उठावं तसं.

४

अर्जुनराव लेकीला घेऊन आला तो भर दुपारी. बैलगाडी रुळांच्या जुन्या बांधावरून टेसनाला वळसा घालून दारात आली. अर्जुनराव कुरकुरतच उतरला. "टेसनापाशी बैल आडले. पुढं पाऊल टाकीनात. चांगले चाबूक हानले तवा चालले, आन् मग असे चालले जसं गाडीत आनिक कुनी बसलंय."

सत्यभामा सावकाश उतरली. चेहरा उन्हानं लाल, पोट पुढं आलेलं. तुळजाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं उंबऱ्याच्या दगडावर लेकीला उभं केलं, पायावर पाणी घातलं आणि डोळ्यांना पाणी लावलं. भाकरीचा तुकडा तिच्यावरून तीनदा ओवाळला.

"आई," सत्यभामा हळूच म्हणाली, "हिच्या पायावर न्हाई घालायचं?"

"कुनाच्या?"

सत्यभामेनं शेजारी पाहिलं. मग मागं, रस्त्याकडं पाहिलं. "आता तर हुती. टेसनापासून गाडीच्या संगं चालत आली. मला वाटलं तुझ्या वळखीची. हिरवं लुगडं... तिलापन दिस गेलेले हायेत आई, माझ्यासारखेच."

"उन्हानं भवळ आली आसंल," अर्जुनराव म्हणाला. "आत घे तिला."

तुळजाबाईनं लेकीला आत घेतलं. तुकडा टाकायला ती परत उंबऱ्याशी आली तेव्हा दगडावरचं पाणी वाहून खाली पसरलं होतं. सगळा दगड ओला झाला होता. फक्त सत्यभामा उभी होती तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, दोन जागा कोरड्या राहिल्या होत्या. पाणी त्यांना वळसा घालून गेलं होतं.

दगडाला तिथं उंचवटा असेल, तिनं मनाशी म्हटलं. तिनं त्या दगडावरून हात फिरवून पाहिला. दगड पायांनी झिजून झिजून बशीसारखा खोल झाला होता.

५

घरात काही वाईट घडलं नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. उलट सत्यभामेच्या अंगावर तेज आलं. तिची पायांची सूज उतरली. उन्हाळ्यात गरोदर बाईला झोप लागत नाही, पण ती दुपारची गाढ झोपायची.

"आई, तू उशाशी बसलतीस का गं?" एक दिवस तिनं विचारलं.

तुळजाबाई तेव्हा परसात कुरडया घालत होती. "कावून?"

"कुनीतरी केसातून हात फिरवत हुतं. हात गार लई. बरं वाटलं."

तुळजाबाईनं पिठाचा हात लुगड्याला पुसला. "मीच हुते," ती म्हणाली.

त्यानंतर ती खोलीत एकटी जायची तेव्हा आधी खाकरायची. आपल्याच घरात. स्वयंपाकघरातला माठ सकाळी भरला की दुपारी अर्धा व्हायचा आणि तांब्या विसळून पालथा घातलेला असायचा. अर्जुनराव म्हणाला, "ह्या वर्साला सगळ्यांनाच तहान लई." टेसनातले दोन्ही माठ मात्र आता भरलेलेच राहत होते. तिथलं पाणी कुणी पीत नव्हतं.

सुईण सुंदरबाई पोट पाहायला आली. तिनं तेल लावलं, हात फिरवला, बाळाची मान चाचपली. मग एकदम हात आखडता घेऊन ती खोलीच्या कोपऱ्याकडं पाहत राहिली. बाहेर आल्यावर तुळजाबाईच्या कानाशी लागली. "बाई, तुमच्या घरात आळवंत..."

"तो शब्द न्हाई काढायचा," पोटुशी मेलेल्या बाईच्या भुताचं ते नाव ऐकताच तुळजाबाईनं तिला तिथंच अडवलं. "पाव्हणी हाय ती. मी बोलावलेली."

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण ते कबूल केलं.

६

चाँदबी बीडहून परतली ती आधी टेसनात गेली. दुसरा माठ पालथा नव्हता, भरलेला होता. खिडकीतून तुळजाबाईनं तिला पाहिलं. चाँदबी कितीतरी वेळ त्या माठापुढं उभी होती. मग ती भिंतीला धरून खाली बसली.

तुळजाबाई धावत गेली.

"तू भरलास?" चाँदबीनं विचारलं.

"हौ. बरं दिसत नव्हतं म्हनून."

"मग?"

"मग तिला म्हनलं, घरी ये."

चाँदबीनं डोळे मिटले. बाहेर एक कावळा पत्र्यावर चोच घासत होता.

"शेवटची गाडी यायची हुती त्या दिवशी तिचा भाऊ तिला बाकड्यावर बसवून गेला," ती म्हणाली. "भरल्या दिवसांची. आईकडं चाललती. पूल गेल्याची खबर आली न्हवती. आमच्या ह्यांनी सांगितलं, बसा, गाडी येईल. तुमच्यातला पानी भरनारा पुराला भिऊन पळालता, माठ कोरडा. मी माझ्या माठातलं घेऊन गेले. तिनं वाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ओठ फाटले हुते, बाई. आन् मान फिरवली."

"मग?"

"मग पानी चढलं. आमाला पाटलाच्या माळवदावर नेलं. परत आलो तवा खोलीत कुनी न्हवतं." ती थांबली. "म्हंजे, दिसत न्हवतं."

तुळजाबाईनं रिकाम्या बाकड्याकडं पाहिलं.

"मी रोज भरत हुते," चाँदबी म्हणाली. "म्हनलं, कधीतरी पिईल. तहान मोठी का जात मोठी, बघू. माझ्या हातचं पिली असती तर उठून माझ्या घरी आली असती. येऊ दे. माझं काय जातंय? मी एकटी. तहानेली हुती तवर ती बसली हुती, तुळजा. तुझ्या पान्यानं उठली. आन् तुझ्या घरी भरल्या दिवसांची लेक हाय."

"तिला परत बसव, आपा."

"माझं ऐकंल कावून? तुझी पाव्हणी हाय."

तुळजाबाईच्या तोंडाला कोरड पडली होती. जीभ टाळूला चिकटली. चाँदबीनं तिच्याकडं पाहिलं, उठली आणि आपल्या माठातून वाटी भरून आणली. वाटी पुढं करून ती तशीच उभी राहिली. तुळजाबाईनं वाटी घेतली आणि प्यायली. त्याविषयी दोघी पुढं कधीच बोलल्या नाहीत.

"पाव्हणीला वाटेला कसं लावायचं ते तुला ठाऊक हाय," चाँदबी म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त."

७

सत्यभामेला सकाळीच कळा सुरू झाल्या आणि दुपार झाली तरी सुटका होईना. सुंदरबाई घामानं निथळत होती. "आडलंय," ती म्हणाली. "मागून कुनीतरी घट्ट धरा तिला. कंबर टेकू देऊ नका."

तुळजाबाईच्या हातात बळ उरलं नव्हतं. गरम पाणी आणायला म्हणून ती बाहेर आली आणि चुलीपुढं उभी राहिली. आत लेक ओरडत होती. तिला सत्यभामेआधी गेलेल्या आपल्या दोघी लेकी आठवल्या. एकीला अजून नावही ठेवलं नव्हतं.

ती माजघराच्या रिकाम्या कोपऱ्याकडं वळली. हात जोडावेत की पदर पसरावा हे तिला कळेना. शेवटी ती बोलली ते आई बोलते तसं, थोडं रागावून.

"पानी पिलीस माझ्या घरचं. आता परकी न्हाईस. मोठी हायेस तू. धाकटीला धर."

घंगाळ घेऊन ती खोलीच्या दारात आली. सुंदरबाई पुढं वाकलेली होती, तिचं लक्ष खाली होतं. सत्यभामा मागं रेलून बसली होती. तिची पाठ आणि भिंत यांच्यात चांगलं हातभर अंतर होतं. त्या अंतरात हिरव्या लुगड्याचा घोळ होता, गुडघ्यापर्यंत वाळलेल्या गाळानं कडक झालेला. सत्यभामेच्या काखेखालून दोन हात पुढं आले होते आणि तिच्या छातीपाशी बोटात बोटं अडकवून घट्ट बसले होते. मनगटं हिरव्या चुड्यानं भरलेली. बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतली होती.

वर चेहरा असणार. तुळजाबाईनं वर पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं पाहायचं टाळलं.

मग बाळ रडलं.

"लेक झाली," सुंदरबाई म्हणाली. नाळ कापून, बाळाला पुसून तिनं मान वर केली. "कुनी धरलं हुतं गं पोरीला? दंडावर वळ उठलेत."

८

बारसं झालं, सव्वा महिना झाला, अडीच महिने झाले. बाळी बाळसेदार होती, कधी रडली तर आपोआप गप्प व्हायची, पाळणा कुणी न हलवता. सत्यभामेची सासरी जायची वेळ आली.

तुळजाबाईनं दोन ओट्या काढल्या. तांदूळ, खण, खोबऱ्याची वाटी, हळकुंड. लेकीची ओटी घरात भरली. दुसरी सुपात घेऊन ती टेसनात गेली. माहेरवाशिणीला ओटी भरूनच वाटेला लावतात, रिकाम्या पदरानं नाही. बाकड्यावर सगळं मांडलं, हळदीकुंकवाची बोटं लाकडालाच लावली.

"लई केलंस गं माझ्या लेकरासाठी," ती म्हणाली. "आता सुखानं जा. तुझी आई वाट बघत आसंल."

दार लोटून ती निघाली. चाँदबी आपल्या खोलीच्या दारात उभी होती. खराटा हातात नव्हता. हल्ली ती मुसाफिरखाना झाडतच नसे.

"गेली?" चाँदबीनं विचारलं.

"ओटी भरली. आता जाईलच."

"कुठं?" चाँदबी म्हणाली. "गाडी कुठं हाय?"

अर्जुनरावानं बैलगाडी बांधावरून काढली. सत्यभामा बाळाला घेऊन बसली होती, मागं वळून वळून पाहत होती. बैल टेसनापाशी आडले नाहीत. गाडी हलकी चालली होती. सत्यभामेच्या शेजारी कुणी नव्हतं, हे तुळजाबाईनं नीट पाहून घेतलं. गाडी बाभळींच्या आड गेली तोवर ती उभी होती.

घर आता रिकामं झालं होतं. ती बाळंतिणीच्या खोलीत शिरली, बाज उचलून ठेवायला. बाजेवर टेसनात मांडलेल्या ओटीतला खण होता. चौघडी घालून, हातानं दाबून नीट ठेवलेला. त्याच्यावर हळकुंड आणि खोबऱ्याची वाटी. वाटीला एका बाजूनं दात लागले होते.

तुळजाबाई बाजेच्या कडेवर बसली. ओरडली नाही. ओरडून बोलवायला घरात कुणी नव्हतं, आणि कुणाला काय म्हणून सांगायचं होतं? अडीच महिन्यांची जागरणं, रांधणं, आडाचं पाणी, लेक गेल्याचा हुंदका, सगळं एकदम तिच्या मानेवर येऊन बसलं.

तेवढ्यात मागून कुणी तिचा अंबाडा सोडला. हलक्या हातानं, एक पेड, मग दुसरा. हात गार होता.

तिनं मागं पाहिलं नाही. "तू खाल्लंस का नीट?" एवढंच तिनं विचारलं. बांगड्या किणकिणल्या.

मग तिनं डोळे मिटले आणि पाठ सैल सोडली. मागं भिंत नव्हती, हात टेकायलाही काही नव्हतं. मागं कुणी नसतं तर ती सरळ आडवी झाली असती.

तुळजाबाई पडली नाही.